गरबा शेवटी: बडोद्यात परदेशी वर्गमित्रांशी मैत्री कोणत्या क्रमाने करावी

दर वर्षी तेच होतं. पावसाळ्यात सयाजीराव विद्यापीठात परदेशी मुलं-मुली येतात. आपली मुलं पहिल्या आठवड्यात हौसेने सेल्फी काढतात, नवरात्रात एखाद्याला केडियुं (गरब्याचा घेरदार अंगरखा) घालून मैदानावर नेतात, त्याचे फोटो स्टेटसला लावतात. दिवाळीनंतर तोच मुलगा जिन्यात समोर आला की "हाय", आणि पुढे बोलायला काही नाही. इच्छा दोन्हीकडे असते, चुकतो तो क्रम. आपण सणापासून सुरुवात करतो, मग जमलं तर घरी बोलावतो आणि अभ्यासात मात्र त्याला एकटा सोडतो. हे सगळं उलट करायला हवं.

मीही हेच केलं होतं. माझा इथिओपियन वर्गमित्र व्हिसाच्या घोळामुळे उशिरा, नवरात्राच्या तोंडावर आला आणि आठवड्याच्या आत मी त्याला गरब्याला घेऊन गेलो. ढोलाच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं आणि पावलं त्याला येत नव्हती. माझे मित्र वर्तुळात शिरले, मीही शिरलो. तो दोन तास कडेला आमच्या चपला आणि मोबाईल सांभाळत उभा होता. त्यानंतर अख्खं वर्ष तो माझ्याशी अतिशय नम्रपणे वागला, आणि तेवढंच. मैत्री झाली ती दुसऱ्या वर्षी, प्रॅक्टिकलच्या जर्नलमुळे.

खालचे टप्पे मुख्यतः बडोद्यातल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी आहेत. पाचवा टप्पा घरच्यांनाही वाचायला द्या.

१. तयारी: भेटण्याआधी तीन गोष्टी माहीत करून घ्या

नाव, देश आणि भाषा.

नाव लिहून घ्या, त्याच्याकडून दोन-तीनदा म्हणवून घ्या, स्वतः म्हणून दाखवा. सोपं पडावं म्हणून त्याचं "सॅम" किंवा "बॉबी" करू नका. इथिओपियात आडनाव नसतं, दुसरं नाव वडिलांचं असतं. आपल्याकडे मधलं नाव असतं तसंच. त्यामुळे हजेरीपटात "आडनाव" म्हणून जे छापलेलं असतं, त्याने हाक मारली तर तुम्ही त्याच्या वडिलांना हाक मारत असता. अफगाणिस्तानातल्या अनेकांचं कागदोपत्री एकच नाव असतं. त्यावरून ऑफिसात रोज अडवणूक होते, निदान तुम्ही तरी तो प्रश्न पुन्हा विचारू नका.

देशाचं नाव नेमकं घ्या. आफ्रिकेत ५४ देश आहेत. टांझानियाच्या मुलीला "तू नायजेरियाची ना?" विचारणं म्हणजे बडोदेकराला "तुम्ही लंकेचे का?" विचारण्यासारखं आहे. नकाशात तिचा देश, शेजारचे देश आणि राजधानी बघायला पाच मिनिटं लागतात.

भाषेवर मात्र थोडा जास्त वेळ घालवा, कारण पहिल्या भेटीत खरी मदत तिचीच होते. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे नेपाळचा मुलगा दांडिया बाजारातली मराठी पाटी अडखळत का होईना वाचू शकतो. त्याला एखादी वाचायला लावा. टांझानिया-केनियाकडच्या स्वाहिलीत चहाला "चाय", गाडीला "गारी", दुकानाला "दुका", पैशाला "पेसा" आणि लाखाला "लाकी" म्हणतात. दरी (अफगाणिस्तानातली फारसी) बोलणाऱ्या अफगाण मुलासमोर दरवाजा, मैदान, जमीन, बाजार, तारीख, पोशाख, शिफारस हे शब्द म्हणून बघा. त्याचा चेहरा उजळेल, कारण ते त्याच्याही बोलण्यात आहेत. शब्दांची अशी यादी दोघांनी मिळून वाढवत न्यायची. मी एका वहीत ती करत होतो, वर्षभरात चार पानं भरली.

सावधान. "निग्रो", "हबशी", "काळू", "चिंकी" हे शब्द मराठीत, गुजरातीत, हळू आवाजात किंवा गमतीनेही वापरू नका. ही मुलं सगळ्यांत आधी नेमके हेच शब्द ओळखायला शिकतात. केसांना हात लावणं आणि न विचारता फोटो काढणं याचं दुःखही तितकंच होतं. मित्राने असं केलं तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. नंतर एकटं गाठून "तो तसा नाहीये" म्हणून समजूत काढण्याचा काही उपयोग होत नाही.

२. पहिले दोन-तीन आठवडे: कामात मदत, पण हद्दीत

या काळात परदेशी मुलगा तुटक वाटतो. त्याला शिष्ट समजू नका. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते. तिच्या जोडीला होस्टेलचे कागद, बँकेचं खातं, सिमकार्ड आणि प्रवेशाचे शुल्क असतंच. खातं उघडेपर्यंत त्याच्याकडे सहसा यूपीआय नसतं. लारीवर (हातगाडीवर) सगळे क्यूआर स्कॅन करत असताना तो नोट काढतो आणि सुट्ट्यांवरून ऐकून घेतो.

तुम्ही करण्यासारखं बरंच आहे. झेरॉक्स कुठे स्वस्त, कोणत्या खिडकीवर कोणता फॉर्म, जेवणाच्या सुट्टीत क्लार्क किती वाजता परत येतात, सयाजीगंजहून फतेगंजला रिक्षाचे साधारण किती होतात, हे सगळं सांगा. एकदा बरोबर जा, दुसऱ्यांदा त्याला एकट्याला जाऊ द्या.

तीन गोष्टी मात्र करू नका, कितीही आग्रह झाला तरी.

आपल्या नावावर सिमकार्ड काढून देऊ नका, त्या नंबरची चौकशी तुमच्या दारात येते. आपली ॲक्टिव्हा चालवायला देऊ नका. भारतात चालणारा परवाना नसताना अपघात झाला तर विमा अडतो आणि त्याच्या व्हिसाचंही लचांड होतं. तिसरी गोष्ट, मामाच्या दुकानात "दोन तास बसून चार पैसे कमव" असं चांगल्या मनानेही सुचवू नका. विद्यार्थी व्हिसा शिकण्यासाठी असतो, पगारी कामासाठी नाही.

यात दारूचाही विषय येतो. गुजरातेत दारूबंदी आहे आणि परवान्याशिवाय पिणं, बाळगणं हा गुन्हा आहे, हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. "सगळं मिळतं इथे" असं सांगणारे त्याला भेटतातच. पोलिसांचा कागद झाला तर तुमचं निभावेल, त्याची पदवी अडकेल.

३. ठरलेली वेळ, ठरलेलं काम

हा टप्पा वगळला तर पुढचं काहीच टिकत नाही. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, त्याच वेळी, त्याच जागी तासभर भेटा. जागा हंसा मेहता लायब्ररीजवळची असो की फॅकल्टीच्या कँटीनमधलं कोपऱ्यातलं टेबल. काम अभ्यासाचं असू द्या: जर्नल पूर्ण करणं, सबमिशनची तयारी, जुने पेपर सोडवणं. नुसतं "भेटू या कधीतरी" म्हणण्यात अर्थ नाही. आपल्या "कधीतरी"चा अर्थ आपल्यालाच कळतो, तो बिचारा खरंच वाट बघत बसतो.

चार जणांचा गट करा, दोन इथले आणि दोन परदेशी. पाच बडोदेकर आणि एक परदेशी अशी बैठक दहाव्या मिनिटाला गुजरातीत शिरते, विसाव्याला मराठीत, आणि तो फोन काढतो. हे कुणी मुद्दाम करत नाही, आपल्या जिभेला सवयच तशी आहे. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती, विनोद हिंदीत. म्हणून पहिल्याच दिवशी ठरवा की गटात इंग्रजी बोलायचं, आणि कुणी घसरलं तर शेजारच्याने लगेच अर्थ सांगायचा. दोन परदेशी मुलं एकाच देशाची नसतील तर आणखी चांगलं, मग इंग्रजी आपोआप टिकते.

आता त्याला काय समजावायचं? वर्गातले धडे तो वाचून शिकेल. त्याला कळत नाहीत त्या आपल्या न लिहिलेल्या गोष्टी. इंटर्नलचे मार्क कशावर मिळतात, हजेरी कमी पडली तर काय होतं, व्हायव्हाला सरांसमोर कसं उभं राहायचं, "मास बंक" म्हणजे काय आणि त्या दिवशी वर्गात एकटा बसला तर सगळे का चिडतात, हे त्याला सांगा. आपल्या मानेचंही सांगा. आपण "हो" म्हणताना मान डावी-उजवीकडे डोलावतो, ते अनेकांना "नाही" वाटतं. "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाही. "पाच मिनिटांत आलो" म्हणजे अजून निघालेलो नाही. ही सवय सुटेपर्यंत निदान त्याच्या बाबतीत तरी वेळ पाळा.

मदत एकाच बाजूने वाहिली की ती मैत्री राहत नाही, उपकार होतात, आणि स्वाभिमानी माणूस उपकार करणाऱ्याला टाळू लागतो. म्हणून पहिल्या महिन्यातच त्याच्याकडून काहीतरी शिका. माझ्या वर्गमित्राचं गणित माझ्यापेक्षा पक्कं होतं. मी त्याला जर्नलची आखणी दाखवायचो, तो मला आकडेमोड समजावायचा. एकदा माझं चुकलेलं त्याने सगळ्यांसमोर खोडून दाखवलं. त्या दिवसापासून तो माझ्याशी मोकळा झाला.

तपासा. चार आठवडे झाले. या काळात त्याने एकदा तरी स्वतःहून मेसेज केला का? एकदा तरी तुमचं म्हणणं खोडलं का? दोन्हींचं उत्तर "नाही" असेल तर पुढे जाऊ नका, याच टप्प्यावर आणखी महिनाभर थांबा.

४. बाहेरचं खाणं

बैठक संपली की उठता उठता विचारा, "चहाला जातोय, येतोस?" एवढंच. मोठा बेत नको. सुरुवात लीलो चिवडा (बडोद्याचा ओलसर चिवडा) किंवा भजी-चहा यांनी करा. सेव-उसळीचा लाल रस्सा पहिल्याच दिवशी देऊन "कसं वाटलं?" म्हणत त्याच्या डोळ्यांतलं पाणी बघण्यात आपल्या मुलांना फार मजा वाटते. त्याला नाही वाटत.

पैशाचं आधी बोला. आपल्याकडे बोलावणारा देतो, गटात असलो की कॉन्ट्री (वर्गणी) निघते. यातलं आज काय आहे हे त्याला माहीत नसतं. "आज माझ्याकडून, पुढच्या वेळी तू" असं सरळ म्हणा आणि पुढच्या वेळी त्याला खरंच देऊ द्या. ओढाताण करून त्याचे पैसे परत खिशात कोंबले की त्याच्यावर ओझं राहतं.

बोलायला कमाटी बागेत फेरी मारा, तिथे आवाज कमी असतो. पावसाळ्यात विश्वामित्रीच्या काठाशी उतरू देऊ नका. नदीत मगरी आहेत, हे नव्या माणसाला थट्टा वाटते. २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या, त्या बातम्या त्याला दाखवा.

५. घरी बोलावणं

बोलावण्याआधी आईशी बोला, पाहुण्याशी नंतर. आई विचारेल, "अरे, तो तिखट खातो का? आपल्याकडचं चालेल ना त्याला?" या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे तयार हवीत. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपास पाळतात, त्या दिवशी मांस, अंडी, दूध, तूप काहीच चालत नाही. मी हे न विचारता शुक्रवारी बोलावलं होतं. आईने श्रीखंड केलं, वरणावर तुपाची धार धरली, आणि तो संकोचून नुसती बटाट्याची भाजी आणि पुरी खात राहिला. आई रात्रभर हळहळली. एक प्रश्न विचारला असता तर तेलातली साबुदाणा खिचडी आणि बिनतुपाचं वरण करून त्याला पोटभर वाढता आलं असतं. मुसलमान पाहुण्याला आपलं शाकाहारी जेवण बहुधा बिनधास्त चालतं. रमजानात मात्र दुपारी बोलावू नका, सूर्यास्ताला बोलावा आणि आधी खजूर आणि पाणी ठेवा.

हाताने खाता येणार नाही असं गृहीत धरून चमचा पुढे करू नका, विचारा. इथिओपियात जेवण उजव्या हातानेच होतं, आणि जिवलग माणसाला घास भरवण्याची रीत आहे. तिला "गुर्शा" म्हणतात. हे ऐकल्यावर माझी आजी त्याला म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच की." पुढच्या वेळी तिने त्याला पुरणपोळीचा घास भरवला. तो मंगळवार होता, मी आधी विचारलं होतं.

आपल्या आग्रहाची कल्पना पाहुण्याला आधी द्या. पुरे असेल तेव्हा ताटावर आडवा हात धरायचा, नाहीतर पोळी पडतच राहते. घरच्यांनाही सांगा, दोनदा विचारून थांबा.

घरच्यांनी काय विचारू नये, हेही आधी बोलून घ्या. अफगाण मुलीला "तिकडे फारच वाईट चाललंय ना?" असं विचारणं म्हणजे जेवताना जखम उघडणं. तिला सांगायचं असेल तर ती सांगेल. वडिलांचा पगार, जात-धर्म, "तुमच्याकडे साप खातात का?" हे नको. आई काय करते, भावंडं किती, गावी पाऊस कधी पडतो हे खुशाल विचारा. मुलीशी स्वतः हात पुढे करून हस्तांदोलन करू नका. तिने केला तर ठीक, नाहीतर छातीवर हात ठेवून किंवा नमस्कार करून भागतं. मुलीला बोलावताना तिच्या मैत्रिणीलाही बोलावा, आणि घरी आई, आजी किंवा बहीण असेल तेव्हाच.

सावधान. परदेशी पाहुणा रात्री मुक्कामाला राहिला तर ज्याच्या घरी तो राहिला त्याने २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची असते. हॉटेलवाले ज्याला फॉर्म सी म्हणत आले, तीच ही नोंद, आणि खासगी घरालाही ती लागू आहे. करायची नसेल तर जेवण उरकून होस्टेलच्या वेळेत सोडून या.

६. सण, सोप्यापासून अवघडाकडे

सगळ्यांत सोपी उत्तरायण. १४ आणि १५ जानेवारीला गच्चीवर दिवसभर हाताला काम असतं, गप्पा मारता येतात, दमलं की खाली बसता येतं, आणि पूजा-प्रार्थनेचा प्रश्न येत नाही. बोटांना चिकटपट्टी आधी लावून द्या, फिरकी धरायला शिकवा, चायनीज दोरी बंदी असलेली आहे हे सांगा. मराठी घरात त्याच दिवशी तिळगूळ असतो. "गोड बोला" याचा अर्थ त्याला समजावून सांगा. हा एक वाक्प्रयोग बहुतेक जण घरी फोन करून सांगतात.

घरचा गणपती मध्यम. आरतीला उभं राहायचं की नाही, प्रसाद घ्यायचा की नाही हे त्याच्यावर सोडा. "तू बसून राहिलास तरी चालेल" असं दारातच सांगा, आणि आजोबांनाही सांगून ठेवा, म्हणजे ते टाळ हातात देणार नाहीत.

गरबा सर्वांत अवघड. किमान आठवडाभर आधी घरी किंवा होस्टेलच्या अंगणात बे ताळी, त्रण ताळी (दोन आणि तीन टाळ्यांचा गरबा) शिकवा. पहिली रात्र शेरी-गरब्याची (गल्लीतल्या गरब्याची) ठेवा, मोठ्या मैदानाची नको. गल्लीत लोक ओळखीचे असतात आणि चुकलेलं पाऊल कुणी बघत नाही. मैदानाचे पास घेण्याआधी आयोजकांना प्रवेशाचे नियम स्पष्ट विचारा. काही ठिकाणी धर्मावरून प्रवेशाचे वाद झालेले आहेत, आणि पाहुण्याला फाटकावर अडवलं तर तो अपमान तुम्ही कितीही समजावलं तरी पुसला जात नाही. जोडीला कुणीतरी कायम त्याच्याबरोबर असेल असं ठरवा. सगळे वर्तुळात आणि तो बाहेर, असं एक मिनिटही होऊ देऊ नका. नेपाळच्या मुलांचा दशैं, म्हणजे त्यांचा दसरा, याच दिवसांत असतो, त्यामुळे त्यांना घरची फार आठवण येते. गरब्याला ओढण्याआधी त्यांचा काही बेत आहे का ते विचारा.

७. तुम्ही त्यांच्याकडे जा

इथे बहुतेकांची गाडी अडते. आपण बोलावतो, पण जात नाही. त्याने बोलावलं तर जा. शाकाहारी असाल तर आधी सांगा आणि तिथे जाऊन नाक मुरडू नका. इथिओपियाचं नवं वर्ष साधारण ११ सप्टेंबरला असतं, अफगाणांचा नवरोज मार्चच्या २०-२१ला. ते दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि न बोलावता शुभेच्छा द्या.

त्याच्या नमाजाला, प्रार्थनेला जागा आणि शांतता लागते. २०२४च्या मार्चमध्ये अहमदाबादच्या एका होस्टेलमध्ये नमाजावरून परदेशी विद्यार्थ्यांवर हल्ला झाला. हे सगळ्यांच्या लक्षात आहे, त्यांच्या आई-वडिलांच्या तर जास्तच. होस्टेलवर कुणी कुरकुर करायला लागलं तर ती वाढेपर्यंत वाट बघू नका. त्याला बरोबर घेऊन वॉर्डनकडे आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या विभागात जा, तक्रार लेखी द्या, प्रत जवळ ठेवा. घरमालकाने डिपॉझिट अडवलं तरी हाच मार्ग. भाषा येणारा एक माणूस शेजारी उभा असला की ऑफिसातला सूर बदलतो.

तपासा. दिवाळीची सुट्टी लागली, मेस बंद, होस्टेल ओस, तुम्ही घरी फराळाला बसलात. तो कुठे जेवतोय हे तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आत्ता फोन करा. चकली, चिवडा आणि बेसनाच्या लाडवांचा डबा भरा, लाडवात तूप आहे हे सांगा, आणि दुपारी तासभर मोकळा ठेवून स्वतः नेऊन द्या.